जगहँडलवर लागणारा लाल दिवा

न्यू जर्सीत डावीकडे जायचं तर कित्येक चौकांत आधी उजवीकडे वळावं लागतं. चौक ओलांडायचा, उजव्या हाताला फुटणारा गोल वळसा घ्यायचा, आडव्या रस्त्याला लागायचं आणि मग सिग्नलवर मूळ रस्ता पार करायचा. अशा वळशाला इथे जगहँडल म्हणतात. नवीन आलेला माणूस हमखास चुकतो. आमच्या मिनीव्हॅनचा ब्रेकचा लाल दिवा लागायला लागला तो रूट 1 या महामार्गावरच्या अशाच एका वळशावर. गाडी वळणात शिरली की दिवा लागायचा, सरळ झाली की विझायचा. बाकी तक्रार काही नाही. पेडल कडक, आवाज नाही, गाडी एका बाजूला ओढत नाही.

गाडी 2007 सालची, दोन्ही बाजूंना सरकते दरवाजे असलेली, सात जणांची. नेवार्क विमानतळावरून आई-बाबांना त्यांच्या बॅगांसकट आणण्यापासून गणपतीच्या मखराचे थर्मोकोल वाहण्यापर्यंत सगळं तिने केलंय. मुलगा पुढच्या वर्षी सतरा वर्षांचा होईल, त्याला प्रोबेशनरी लायसन्स मिळेल आणि ही व्हॅन त्याच्या वाट्याला येईल, असं घरात ठरलेलं होतं. त्यामुळे ‘लागतो आणि विझतो, चालायचंच’ म्हणून सोडून देता येईना.

हा लाल दिवा तसा मठ्ठ असतो. अमेरिकेतल्या नियमाप्रमाणे पार्किंग ब्रेक लावलेला असेल तर तो लागला पाहिजे, आणि ब्रेक ऑइलची पातळी टाकीच्या चौथ्या हिश्श्याखाली किंवा कंपनीने ठरवलेल्या सुरक्षित पातळीखाली, यांतली जी जास्त असेल तिच्याखाली, गेली तरी लागला पाहिजे. म्हणजे तुम्ही पार्किंग ब्रेक सोडायला विसरलात की ब्रेकची नळी फुटली, दोन्हीला तोच रंग, तोच दिवा. आमच्या गाडीत दोन स्विच एकाच वायरवर आहेत. एक पार्किंग ब्रेकच्या पेडलपाशी, दुसरा ब्रेक ऑइलच्या टाकीत. दोघांपैकी कोणीही ती वायर अर्थ केली, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला जोडली, की दिवा लागतो. एबीएसचा (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) पिवळा दिवा वेगळा असतो आणि तो आमच्याकडे एकदाही लागला नव्हता. लाल आणि पिवळा जोडीने लागले असते तर शोध दुसऱ्या दिशेने सुरू करावा लागला असता, चाकांच्या सेन्सरकडून. आणि ब्रेकचा दिवा बॅटरीच्या दिव्याबरोबर मंद पेटत असेल तर काही जपानी गाड्यांत दोष ब्रेकचा नसतोच, बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरचा असतो. ही गोष्ट ठाऊक नसल्याने लोक उगाच ब्रेक उघडून बसतात.

दिवा कधी लागतो ते मी फोनमध्ये टिपून ठेवायला लागलो. किती थंडी होती, वळण कुठल्या बाजूचं, चढ की उतार, ब्रेकवर पाय होता का. चार ओळी जमल्यावर लक्षात आलं की यात दोन वेगळ्या तऱ्हा आहेत. एक, उजवीकडच्या घट्ट वळणावर आणि एक्झिटच्या उतारावर जोरात ब्रेक मारला की. दुसरी, कडाक्याच्या थंडीत सकाळी गाडी काढताना, सरळ रस्त्यावर, मिनिटभर. दोन्हींचं कारण एकच असेल असं मानायला आधार नव्हता. सकाळची भानगड मी बाजूला ठेवली, कारण वळणावरची जास्त वाईट वाटत होती.

पहिली शंका पार्किंग ब्रेकवर, कारण ते तपासणं सगळ्यात सोपं. आमच्या गाडीत तो हाताने ओढायचा नाही, डाव्या पायाने दाबायचा आहे. त्या पेडलच्या वर एक छोटा प्लंजर स्विच असतो. ड्रायव्हरच्या सीटपाशी आडवं होऊन, मान वाकडी करून, टॉर्च दातात धरून त्याचा प्लग काढला आणि पुन्हा त्याच जगहँडलवर गेलो. दिवा लागला. म्हणजे वळणावरच्या दिव्याशी पार्किंग ब्रेकचा संबंध नाही.

मग टाकी. बॉनेट उघडलं की ड्रायव्हरच्या बाजूला मागे, मास्टर सिलिंडरच्या (पेडल दाबलं की ऑइल नळ्यांत ढकलणाऱ्या पंपाच्या) डोक्यावर ती पांढरट प्लॅस्टिकची टाकी दिसते. ऑइल किमान रेषेच्या जरासंच वर होतं. आत एक फ्लोट तरंगत असतो, त्यात चुंबक, आणि तळाशी चुंबकाने चालणारा स्विच. गाडी उजवीकडे वळली की ऑइल डावीकडे सरकतं, जोरात ब्रेक मारला की पुढे. पातळी भरपूर असेल तर फ्लोटला काही फरक पडत नाही, पण रेषेला टेकलेली असेल तर तेवढ्या हेलकाव्याने फ्लोट क्षणभर खाली जातो. जगहँडलचं कोडं इथे सुटलं, निदान कागदावर तरी.

फ्लोट खरं बोलतोय का, हे बघायचं राहिलं होतं. जुन्या गाड्यांत फ्लोटमध्ये ऑइल मुरून तो जड होतो आणि टाकी भरलेली असतानाही खाली बसतो. स्विचच्या दोन पिनांना, स्विच जुळला की बीप देणारा मल्टिमीटर लावला, औषधाच्या नव्या सिरिंजने ऑइल थोडं थोडं काढून स्वच्छ बाटलीत घेतलं आणि मीटरच्या बीपकडे कान ठेवला. पातळी बरोबर किमान रेषेवर आली तेव्हा बीप वाजली. काढलेलं परत घातलं, बीप थांबली. स्विच चोख होता. हे करताना बॉनेटच्या आतल्या कडेला दोन थेंब सांडले, ते लगेच पाण्याने धुतले. ब्रेक ऑइल रंग खातं, पण पाण्यात विरघळतं, म्हणून शेजारी पाण्याची बाटली ठेवावी.

दरम्यान एका गॅरेजमध्ये दाखवून आलो होतो. त्यांनी गाडी जॅकवर न चढवताच सांगितलं की सेन्सर गेलाय, टाकी बदलावी लागेल, आणि टाकी काढतोच आहोत तर मास्टर सिलिंडरही करून टाकू. सहाशे डॉलर. सेन्सर चोख असल्याचा पुरावा मल्टिमीटरने दिल्यावर तो खर्चाचा कागद मी कचऱ्यात टाकला. दुसरा सल्ला मित्राचा, शनिवारच्या क्रिकेटमधला. “अरे, बाटली घे, टॉप अप कर आणि विसर. माझ्या गाडीत मी दर सहा महिन्यांनी घालतो.” दर सहा महिन्यांनी घालावं लागतंय याचं त्याला काहीच वाटत नव्हतं.

ब्रेकची यंत्रणा बंद असते. इंजिन ऑइलसारखं त्यातलं ऑइल जळत नाही, उडून जात नाही. पातळी कमी झाली तर त्याला दोनच रस्ते. चाकाच्या तबकडीला घासणारे पॅड झिजले की ते दाबणाऱ्या कॅलिपरचा पिस्टन तेवढा बाहेर येतो आणि मागची रिकामी जागा ऑइल भरून काढतं, हा सरळ रस्ता. नाहीतर ते कुठूनतरी बाहेर पडतंय. पॅडांचा हिशोब मांडता येतो. पिस्टनचा व्यास 60 मिलिमीटर धरला तर एक पॅड एक मिलिमीटर झिजल्यावर टाकीतून तीन मिलिलिटरच्या आसपास ऑइल खाली जातं. पुढच्या दोन चाकांत मिळून चार पॅड. चाकाच्या फटीतून टॉर्च मारून बघितलं तर पॅड चार मिलिमीटरवर आले होते, नवे असतात तेव्हा अकरा-बारा. म्हणजे नव्वद मिलिलिटर नुसत्या पॅडांच्या झिजेत गेलेलं. टाकी रिकामी दिसण्याचं हे चांगलं कारण होतं आणि इथेच थांबायचा मोह झाला. पॅड बदला, पिस्टन मागे ढकलले की ऑइल आपोआप वर येईल. म्हणूनच पॅड जुने असताना टाकी काठोकाठ भरू नये, नाहीतर नवे पॅड बसवताना ते सगळं उतू जातं.

पण आधी टाकीवर निळी चिकटपट्टी लावून पातळीची रेष मारली. पाव टाकी ऑइल वाढवलं होतं, दिवा लागणं बंद झालं होतं. सपाट जागा, थंड इंजिन, तीच वेळ, असं धरून रोज सकाळी बघत गेलो. दोन आठवड्यांत पातळी रेषेखाली करंगळीच्या नखाएवढी उतरली. एवढ्यात पॅड अर्धा मिलिमीटरही झिजत नाहीत. मित्राला फोटो पाठवला तर त्याने अंगठा पाठवला.

बाबा एसटीच्या विभागीय कार्यशाळेतून निवृत्त झाले. रविवारच्या फोनवर त्यांना सांगितलं. म्हणाले, “आमच्या बसला हवेचे ब्रेक. गळायला लागलं की फुस्स आवाज येतो, सगळ्या डेपोला कळतं. तुझं ऑइल गुपचूप जाणार. कुठंतरी पाणी मुरतंय, ते शोध आधी. दिव्याकडं काय बघतोस?” मग गाडी वापरू नकोस असं दोनदा सांगून त्यांनी फोन आईकडे दिला.

गळती शोधण्याचा एक क्रम असतो. आधी चारही चाकांच्या आतल्या बाजू. टायरच्या आतल्या भिंतीवर ओला, तेलकट ओघळ दिसला तर कॅलिपर किंवा मागच्या ड्रमचा व्हील सिलिंडर. चाकं कोरडी होती. मग मास्टर सिलिंडर. त्याचं मागचं सील गेलं की ऑइल व्हॅक्यूम बूस्टरमध्ये (पायाचा जोर वाढवणाऱ्या डब्यात) उतरतं आणि बाहेर थेंबही दिसत नाही, म्हणून ती गळती लबाड. दोन नट सैल करून सिलिंडर बोटभर पुढे ओढला, फटीत पांढरा टिश्यू फिरवला. कोरडा. मग रबरी होज, प्रत्येक चाकापाशी, वाकवून बघितले, भेगा नाहीत. राहिल्या पोटाखालच्या लोखंडी नळ्या.

पुढचा भाग रॅम्पवर चढवला, मागच्या चाकांना लाकडी गुटके लावले, हाताने हलवून गाडी पक्की आहे ना बघितलं आणि खाली शिरलो. मागच्या ब्रेककडे जाणाऱ्या दोन नळ्या सरकत्या दरवाजाच्या खालून, एका लांब काळ्या प्लॅस्टिकच्या आच्छादनातून जातात. दगड लागू नयेत म्हणून ते आच्छादन. त्याच्या क्लिपा काढल्या तर आतून ओंजळभर लगदा अंगावर पडला. कुजलेली मेपलची पानं, वाळू आणि मीठ. इथे बर्फ पडायच्या आधी रस्त्यावर खारं पाणी फवारतात, पडल्यावर खडे मीठ टाकतात. ते पाणी आच्छादनात शिरतं आणि पानांमध्ये उन्हाळाभर ओल धरून बसतं. नळ्यांचं संरक्षण करायला लावलेल्या वस्तूनेच नळ्या खाल्ल्या होत्या. बोटाने चाचपत गेलो. नळी गुळगुळीत, गुळगुळीत, मग खरबरीत, मग एका ठिकाणी गंजाचे पापुद्रे फुगून ती दुप्पट जाड झालेली. तिथली धूळ काळी आणि ओलसर होती. बायकोला वर बसवून पेडल दाबायला सांगितलं.

“दाबू?”

“हळू. धरून ठेव.”

पापुद्र्याखालून मोहरीएवढा थेंब वर आला, थांबला, मोठा झाला आणि घरंगळला. पेडल सोडल्यावर दुसरा आला नाही. म्हणूनच गाडीखाली जमिनीवर कधी डाग पडला नव्हता. गळती फक्त ब्रेक मारताना, आणि तो थेंबही पानांच्या लगद्यात जिरून जायचा.

जोरात ब्रेक मारताना नळीतला दाब हजार पीएसआयच्या (चौरस इंचावर हजार पौंडांच्या) वर जातो. गंजून पातळ झालेली नळी नेमकी त्याच क्षणी फाटते, जेव्हा ब्रेक हवेच असतात. जीव एकदम जात नाही, कारण 1960 च्या दशकाच्या शेवटापासून अमेरिकेतल्या गाड्यांना दोन स्वतंत्र सर्किट असणं भाग आहे. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या आमच्या गाडीसारख्या गाड्यांत ती बहुधा तिरकी वाटलेली असतात, एक पुढचं चाक आणि त्याच्या विरुद्ध कोपऱ्यातलं मागचं. एक नळी गेली तर अर्धे ब्रेक उरतात, पेडल मात्र खाली जातं, आणि थांबायला किती अंतर लागेल याचा अंदाज चुकतो. रूट 1 वर पुढे ट्रक असताना अर्ध्या ब्रेकवर कोणाचा भरवसा असणार?

या सगळ्यात मला सर्वांत खुपलं ते हे की गाडीवर इन्स्पेक्शनचा ताजा स्टिकर होता. न्यू जर्सीने 1 ऑगस्ट 2010 पासून खासगी गाड्यांची यांत्रिक तपासणी बंद केली. आता इन्स्पेक्शनमध्ये धूर-प्रदूषणाची बाजू बघतात, इंजिनच्या कॉम्प्युटरला वायर लावून कोड वाचतात. चेक इंजिनचा पिवळा दिवा लागलेला असेल तर गाडी नापास. ब्रेकचा लाल दिवा लागलेला असला तरी पास. केंद्र सरकारच्या महामार्ग सुरक्षा संस्थेने, एनएचटीएसएने, 2015 मध्ये मिठामुळे गंजणाऱ्या ब्रेकच्या नळ्यांविषयी थंड प्रदेशातल्या जुन्या गाड्यांच्या मालकांना सावध केलं होतं: गाडीचं पोट धूत जा, नळ्या तपासून घ्या. ती तपासणी आपणच करायची, कोणी बोलावणार नाही.

गाडी टोवर चढवून एका छोट्या गॅरेजमध्ये पाठवली. मालक इक्वेडोरचा, बोलायला कमी. त्याने गंजलेला तुकडा तेवढाच कापून मध्ये जोड द्यायला सरळ नकार दिला. जोडाच्या दोन्ही बाजूंची नळी तेवढीच जुनी, उद्या तिथून जाईल. निकेल-तांब्याच्या मिश्रधातूची नळी वापरली, जी गंजत नाही आणि हाताने वाकते. मी शेजारी उभा राहून बघत होतो. नळी कापायची, आधी नट ओवायचा (हा राहून गेला की सगळं पुन्हा), मग साच्यात धरून टोक दोनदा उमलवायचं, म्हणजे काठ आत दुमडून दुहेरी होतो. प्रत्येक टोक त्याने नखाने तपासलं. एक आवडलं नाही, कापून टाकलं. मागच्या दोन्ही नळ्या आणि हवा काढण्याचं काम, साडेचारशे डॉलर. आच्छादन परत लावू का विचारलं, तर म्हणाला, लाव, पण दर शरद ऋतूत काढून धू.

पॅड मी घरी बदलले. पिस्टन मागे ढकलताना जुनं ऑइल टाकीत वर चढत होतं, ते सिरिंजने काढत गेलो. मागे नवं ऑइल आलं होतं, पुढच्या कॅलिपरांत मात्र जुनंच होतं, कोऱ्या चहाच्या रंगाचं. डॉट 3 जातीचं ऑइल हवेतलं पाणी शोषतं. कोरडं असताना त्याचा उत्कलनबिंदू किमान 205 अंश सेल्सिअस असतो, पाणी शोषलेल्याचा किमान 140. नळ्या आतून गंजायलाही तेच पाणी कारण. पुढची दोन्ही चाकंही ब्लीड करून टाकली, म्हणजे जुनं ऑइल आणि हवा बाहेर काढली. कॅलिपरवरच्या निपलला पारदर्शक नळी, नळीचं दुसरं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवलेलं. बायको पेडलवर, मी खाली. दाब, धर, मी निपल उघडतो, बंद करतो, आता सोड. निपल उघडं असताना पेडल सोडलं तर हवा परत आत. एका चाकाला तिने वरून विचारलं, “अहो इंजिनिअर, अजून किती?” तेव्हा नळीतून नुकतं स्वच्छ पिवळसर ऑइल यायला लागलं होतं.

जगहँडलवरचा दिवा बंद झाला. चिकटपट्टीवरची नवी रेष महिनाभर हलली नाही.

आणि मग पहिल्या कडक थंडीच्या सकाळी दिवा लागला, सरळ रस्त्यावर, मिनिटभर. बाजूला ठेवलेली ती दुसरी तऱ्हा. पातळी बघितली, रेषेवर. पार्किंग ब्रेकच्या स्विचचा प्लग पुन्हा काढला, दुसऱ्या सकाळी तशीच थंडी, दिवा नाही. मग पुन्हा मान वाकडी करून सीटपाशी आडवा. ब्रेक सोडल्यावर पेडल वर येतं, पण थंडीत शेवटचा अर्धा सेंटिमीटर येत नव्हतं. बिजागरीपाशी जुनं ग्रीस मेणासारखं घट्ट होऊन धुळीने काळं झालेलं. हीटर चालू होऊन आतलं ऊब धरेपर्यंत पेडल तिथेच अडकायचं. बायकोच्या हातून गाडी असली की हा दिवा कमी लागायचा, कारण ती पेडल सोडल्यावर बुटाच्या टोकाने वर उचलते. जुनं ग्रीस केरोसिन लावलेल्या फडक्याने पुसलं, पांढरं लिथियम ग्रीस घातलं, पेडल दहा-बारा वेळा खालीवर केलं. आता ‘टक्’ करून वर बसतं.

मित्राला दोन्ही नळ्यांचे फोटो पाठवले, गंजलेली आणि नवी. या वेळी अंगठा आला नाही, इक्वेडोरवाल्याचा नंबर मागितला. मुलाला टाकी, रेष आणि टॉर्च कुठे मारायची ते दाखवून झालंय. त्याचं निम्मं लक्ष फोनमध्ये होतं. उरलेलं नवं ब्रेक ऑइल ठेवलं नाही, उघडलेली बाटली हवेतलं पाणी ओढतच राहते. जुनं आणि ते, दोन्ही बाटल्या काउंटीच्या घातक कचरा गोळा करण्याच्या शनिवारी नेऊन दिल्या.